‘रबर काढा, पॉली टाका’: मागच्या बुशांबद्दलच्या एका लाडक्या सल्ल्याचा पंचनामा

जुनी स्पोर्ट्स कार घेतली रे घेतली की एक सल्ला हमखास मिळतो. मागच्या सस्पेन्शनचे रबरी बुश, म्हणजे सांध्यांत बसणारे गोल तुकडे, सगळे उपटून काढा आणि पॉलीयुरेथेनचे (कडक प्लास्टिकचे, थोडक्यात पॉलीचे) टाका. रबर म्हणजे कंपनीने पैसे वाचवायला केलेली तडजोड, पॉली आयुष्यभर टिकतं, काम घरच्या घरी दोन दिवसांत होतं, चाकांचे कोन ठरवणाऱ्या कॅम बोल्टांवर खुणा करून ठेवल्या की अलाइनमेंटचाही खर्च नाही. गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5 असो की नव्वदच्या दशकातली बीएमडब्ल्यू ई36 एम3, सल्ला तोच. नेमकी मेख तिथेच आहे. या दोन गाड्यांचे मागचे सांधे एकसारखे हलतच नाहीत.

‘रबर म्हणजे तडजोड.’ रबरी बुश बाहेरच्या पत्र्याच्या कवचाला आणि आतल्या पोलादी नळीला चिकटवलेला असतो. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट पकडली जाते. चाकाला धरणारा आर्म वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, मधलं रबर पिळवटतं आणि परत येतं. काहीच कशावर घासत नाही, त्यामुळे ग्रीस नको, आवाज नाही, मातीला आत शिरायला फट नाही. पॉलीचं काम याच्या उलट. ते चिकटवलेलं नसतं, नळीभोवती सरकून फिरतं. म्हणजे तो एक साधा बेअरिंग झाला, आणि बेअरिंगला एकाच अक्षाभोवती फिरायला आवडतं.

एमएक्स-5च्या मागे डबल विशबोन आहे, म्हणजे चाकाला वरून आणि खालून धरणारे दोन आर्म. प्रत्येक आर्म दाराच्या बिजागरीसारखा एका सरळ रेषेभोवती हलतो. इथे पॉली मनापासून काम करतं, आणि सल्ला बरोबर ठरतो तो इथेच.

ई36चं मागचं सस्पेन्शन वेगळं आहे. 1989च्या झेड1 या गाडीत बीएमडब्ल्यूने ही रचना आणली आणि मग ई36ला दिली. एक लांब ट्रेलिंग आर्म, त्याचं पुढचं टोक एका मोठ्या बुशमधून बॉडीला टांगलेलं, आणि मागच्या बाजूला चाकाला धरून ठेवणारे दोन आडवे आर्म, एक वर, एक खाली. चाक वर गेलं की हे आडवे आर्म आपापल्या कमानीत फिरतात आणि ट्रेलिंग आर्मला बाजूला ओढतात, शिवाय त्याच्या लांबीभोवती थोडा पिळतातही. हे सगळं सोसायचं कुणी? पुढच्या त्या एकट्या बुशने. त्याने बिजागरीसारखं फिरायचं, वर तिरकं व्हायचं आणि पिळही घ्यायचा.

कडक पॉलीला तिरकं होणं जमत नाही. मग वर-खाली होण्याच्या शेवटाकडे सस्पेन्शन अडकल्यासारखं होतं, मागची पकड खड्ड्यावर अचानक सुटते, आणि जो ताण रबर गिळत होतं तो बुशच्या कन्सोलमधून, म्हणजे बुशला बॉडीशी जोडणाऱ्या ब्रॅकेटमधून, थेट बॉडीच्या पत्र्यात जातो. ई36 आणि तिच्या पुढच्या पिढीच्या ई46च्या मागच्या माउंटिंगभोवती पत्रा फाटल्याची उदाहरणं काही कमी नाहीत. तिथे बुश कडक करणं म्हणजे दुखऱ्या जागी अजून भार टाकणं. बुश टाकण्याआधी कन्सोलच्या बोल्टांभोवतीचं सीलंट खरवडून तडे बघावेत. तडा असेल तर आधी वेल्डिंग आणि जाड पत्रा, बुश नंतर.

मग ई36ला काय टाकायचं? रस्त्यावरच्या गाडीला नवा रबरी बुश, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ लिमिटर चकत्या. या चकत्या बुशला बाजूला सरकू देत नाहीत, पण फिरू आणि पिळू देतात. किंवा ई46 एम3चा रबरी बुश, तो याच जागी बसतो. फक्त ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला गोलाकार मोनोबॉल बेअरिंग. तो सगळ्या दिशांना फिरतो म्हणून अडकत नाही, पण धूळ-पाण्यात लवकर वाजायला लागतो. या एका सांध्यासाठी पॉलीची शिफारस करण्यासारखं काही सापडत नाही.

‘पॉली टाकल्यावर गाडी वेगळीच झाली.’ होणारच. तीस वर्षांचं फाटलेलं, तेल पिऊन फुगलेलं रबर काढून काहीही नवं टाकलं तरी गाडी वेगळी होते. तुलना नव्या रबराशी व्हायला हवी. ई36मध्ये ब्रेक दाबताना किंवा एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडताना मागचा भाग वळवळतो आणि मागचे टायर आतल्या कडेने खातात, ते बुश संपल्यामुळे. रबर कमअस्सल आहे म्हणून नव्हे. एमएक्स-5साठी तर माझदाचेच स्पर्धेसाठीचे जास्त कडक रबरी बुश मिळतात. ज्याला पॉलीची कटकट नको त्याने तेच घ्यावेत.

आणि जाता जाता, पॉलीच्या रंगावरून कडकपणा ओळखू नका. काळा रंग एका कंपनीत सर्वांत कडक तर दुसरीत साधा असतो. शोर आकडा, म्हणजे कडकपणाचं माप, विचारा. 80ए रस्त्यासाठी पुष्कळ झालं, 95ए म्हणजे दात हलवणारं प्रकरण.

‘घरच्या घरी दोन दिवसांत.’ बुश बसवायला वेळ लागत नाही, बोल्ट काढायला लागतो. इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेच्या थंड राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे वाढलेल्या एमएक्स-5चे मागच्या खालच्या आर्मचे कॅम बोल्ट आणि चाकाकडचा लांब बोल्ट नळीत गंजून एकजीव झालेले असतात. फसवणूक अशी होते: नट सहज सुटतो, माणूस खूश होतो, आणि मग बोल्ट फिरवला की आतली नळीही त्याच्याबरोबर फिरते, रबर ताणतं आणि पान्हा सोडला की सगळं पुन्हा जागेवर. घणाने ठोकून फक्त थ्रेड मशरूमसारखे पसरतात. आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल मारा. तरीही हलला नाही तर बुश आणि सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या सांगाड्याच्या) कानाच्या मधल्या फटीत रेसिप्रोकेटिंग सॉचं पातं घालून दोन्हीकडून बोल्ट कापा. नवे कॅम बोल्ट आणि कॅम प्लेट आधीच आणून ठेवाव्यात, नाहीतर गाडी स्टँडवर आणि पार्सल रस्त्यात.

जुना बुश गॅस टॉर्चने जाळून काढायचा सल्लाही याच पोतडीतला. धूर विषारी, वितळलेलं रबर कातडीला चिकटतं, आर्मचा रंग जळून गंजाला वाट मोकळी. प्रेस नसेल तर मजबूत थ्रेडेड रॉड, जाड वॉशर, एका बाजूला कवचापेक्षा किंचित लहान सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला बुश मावेल एवढा पाइपचा तुकडा, एवढ्यात बुश ओढून निघतो. न निघाल्यास ड्रिलने रबर पोखरून नळी काढा आणि हॅक्सॉच्या पात्याने कवच आतून कापा. आर्मच्या धातूला पातं टेकण्याआधी थांबा. त्याआधी किटचा कागद वाचाच. काही किटमध्ये जुनं कवच आर्ममध्येच ठेवायचं असतं. ते काढून टाकलं तर नवा बुश ढिला बसतो.

आता पॉली बसवताना हमखास चुकतं ते. बुशची दोन्ही अर्धी आर्ममध्ये दाबून नळी घातल्यावर कॅलिपरने नळीची लांबी आणि बुशची एकूण रुंदी मोजा. नळी किंचित लांब हवी, एखाद्या मिलिमीटरचा काही भाग पुरतो. बुश जास्त रुंद असेल तर बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेट पॉलीलाच चिमटतं आणि आर्म जाम होतो. मग कडा सँडपेपरवर सपाट घासून कमी करा. ग्रीस नळीच्या बाहेरून, बुशच्या आतून आणि दोन्ही बाजूंच्या तोंडांवर, किटसोबत येणारं सिलिकोनचंच. ‘कुठलंही ग्रीस चालतं’ हे खरं नाही. साधं ग्रीस लवकर धुऊन जातं आणि मग ती प्रसिद्ध कुईकुई सुरू होते. सगळं आवळून झाल्यावर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर न जोडता आर्म हाताने वर उचलून सोडा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आला पाहिजे. हवेत तसाच थांबला तर उघडून पुन्हा मोजा. रबरी बुश बसवताना मात्र ग्रीस अजिबात नको, खनिज तेलाने रबर फुगतं. साबणाचं पाणी लावा.

‘गाडी वर असतानाच सगळं आवळून टाका.’ पॉलीला हे चालतं, कारण ते फिरतंच. याच सवयीने रबरी बुश आवळला की घात होतो. चाकं लोंबकळत असताना नळी पकडली गेली तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. मागची उंची वाढल्यासारखी दिसते आणि बुश थोड्याच दिवसांत फाटतो. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर किंवा रॅम्पवर घ्या, दोनदा दाबून हलवा, मग टॉर्क पान्हा. ई36च्या ट्रेलिंग आर्म बुशचा मुख्य बोल्ट 110 न्यूटन मीटर, कन्सोलचे बॉडीतले तीन बोल्ट 77. आर्म खाली सोडताना ब्रेक होजवर ताण येत नाही ना, ते बघा.

‘आयुष्यभर.’ ग्रीस सुकतं, नळी गंजते, पॉली तिच्यावर खरखरीत घासत अंडाकृती होतं. वाजायला लागलं की उघडून, पुसून पुन्हा ग्रीस करावं लागतं. ज्याला हे आवडतं त्याने जरूर टाकावं.

‘खुणा केल्या की अलाइनमेंट नको.’ या खुणा दबलेल्या जुन्या बुशच्या हिशोबाने केलेल्या असतात. नवा बुश आर्मला मूळ जागी आणतो आणि खूण चुकीची ठरते. एमएक्स-5मध्ये मागचा टो (चाकं वरून बघताना किती आत-बाहेर वळलेली) आणि कॅम्बर (उभ्या रेषेपासून किती कललेली) दोन्ही त्याच कॅम बोल्टांवर ठरतात. ई36मध्ये टो कन्सोलच्या लांबट भोकांवर आणि कॅम्बर खालच्या आर्मच्या इसेंट्रिक बोल्टवर. मागे थोडा जरी टो-आउट (चाकांची पुढची टोकं बाहेर वळलेली) राहिला तर ओल्या वळणावर गाडीची शेपटी विनासूचना पुढे यायला बघते. एमएक्स-5ला मागे एकूण 3 मिमीच्या आसपास टो-इन ठेवून घ्या. खुणा फक्त गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत हळूहळू नेण्यापुरत्या.