हप्ता सातबाऱ्याला पडतो, कसणाऱ्याला नाही

केंद्राची पीएम किसान आणि राज्याची नमो शेतकरी, दोन्ही मिळून शेतकऱ्याच्या खात्यावर वर्षाला १२,००० रुपये. यावर फेसबुकवर दोनच प्रकारची भांडणं होतात. एक म्हणतो, फुकट वाटून वाटून शेतकरी आळशी केला. दुसरा म्हणतो, २,००० च्या हप्त्यात डीएपी खताच्या दोन गोण्याही येत नाहीत. दुसऱ्याचं खरंय, गोणी १,३५० ला आहे. पण मला विचारायचंय ते वेगळंच. हे पैसे नेमके जातात कुणाला?

पीएम किसान २०१९ ला सुरू झाली, २०२३ पासून राज्याने नमोचे ६,००० त्यात घातले. आयकर भरणारे, सरकारी नोकरदार वगळले, ते ठीकच. मुख्य अट म्हणजे सातबाऱ्यावर नाव पाहिजे. दुसऱ्याचं रान बटईनं (पिकाच्या वाट्यावर) नाहीतर ठोक्यानं (ठरलेले पैसे देऊन) करणारा माणूस मग यादीत येणार कुठून?

आमच्या लातूरकडं निम्मी घरं पुण्याला गेली, रानं इथंच राहिली. माझ्या बांधाला लागूनच असं एक शेत आहे. मालक म्हातारे, मुलाकडं पुण्यात असतात. बियाणं-खत निम्मं निम्मं, राबायचं सगळं बटईदारानं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत त्याचं सोयाबीन पाण्यात बसलं. पाणी ओसरल्यावर बघितलं तर शेंगेतच दाण्याला कोंब आलेले, हातात घेतली की शेंग काळी आणि बुळबुळीत. पंचनाम्याच्या फोटोत चिखलात उभा तोच. अनुदान मालकाच्या खात्यावर. मालक भला, त्यानं निम्मे पाठवून दिले. सगळेच पाठवतात असं नाही, आणि न पाठवणाऱ्याला कोणी जाब विचारू शकत नाही.

पीकविम्यात बटईदाराला अर्ज करता येतो म्हणे. हो, येतो, नोंदणीकृत भाडेकरार जोडला तर! मी शेजारच्या त्या बटईदाराला म्हटलं, मागून तर बघ. तर म्हणाला, "करार मागितला की पुढच्या साली रान दुसऱ्याकडं. मग मी काय करू, सांगा."

मालकांना शिव्या देण्यात अर्थ नाही. कसणाऱ्या कुळाला मालक करणाऱ्या कूळकायद्यात जमिनी गेलेल्या त्यांच्या बापजाद्यांनी पाहिल्यात, ती धास्ती अजून घरात आहे. आंध्रनं २०१९ ला यावर कायदा केला. कसणाऱ्याला ११ महिन्यांचं कार्ड, त्यावर पीककर्ज, विमा, भरपाई, आणि जमिनीवर हक्क अजिबात नाही. तिथंही मालकाची सही लागते, त्यामुळं बरेच जण अडकलेच. तरी कसणारा म्हणून कुणीतरी आहे, एवढं तरी सरकारनं कागदावर मान्य केलं. ओडिशाच्या कालिया योजनेत तर बटईदार आणि भूमिहीनसुद्धा घेतले होते. आपल्याकडं मोबाइलवर पीक नोंदवायची ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याचा ओळख क्रमांक म्हणून फार्मर आयडी आला, आणि दोन्ही पुन्हा सातबाऱ्यालाच बांधले.

माझं मागणं मोठं नाही. हप्ता राहू द्या मालकाला. पण अतिवृष्टीचं अनुदान आणि विमा ज्याचं पीक बुडालं त्याच्या खात्यावर टाका. ई-पीक पाहणीत 'कसणारा' म्हणून एक रकाना द्या, आणि यातून कुळाचा हक्क लागणार नाही हे कायद्यातच लिहून टाका. माहिती गोळा करायला नवी यंत्रणाही नको. कुणाचं रान कोण करतंय, हे तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं!) तोंडपाठ असतं.