ओसी म्हणजे फॉर्मॅलिटी? त्या टॉवरवाल्या फॉरवर्डला उत्तर

"मुंबईत टॉवरमध्ये फ्लॅट घेताना घाबरू नका" असा मथळा असलेलं एक लांबलचक फॉरवर्ड गेले काही दिवस फिरतंय. मी एरवी असलं काही वाचत नाही, पण हे आमच्या मोठ्या काकांपर्यंत पोचलं आणि काका दादरचा जुना फ्लॅट विकून, वर मुलाचे पैसे घालून प्रभादेवीला एकतिसाव्या मजल्यावरचा थ्री बीएचके बुक करायला निघालेत. टॉवर अजून पूर्ण झालेला नाही, खालच्या काही मजल्यांनाच पार्ट ओसी (ऑक्युपेशन सर्टिफिकेट, म्हणजे राहायला जायची महापालिकेची परवानगी) आहे, वरच्यांना "फिट-आउट पझेशन" (फर्निचर करून घ्यायला म्हणून आधीच ताबा) देतायत. काकांना विचारलं तर म्हणाले, "अगं, ओसी काय, येते नंतर. वाच ते, सगळं लिहिलंय त्यात."

वाचलं. त्यात लिहिलंय ते असं: ओसी ही फक्त फॉर्मॅलिटी आहे, हजारो इमारती ओसीशिवाय उभ्या आहेत, ॲग्रीमेंट रजिस्टर झालं की तुम्ही मालक आणि मालकाला कोणी काढू शकत नाही. रेरा नंबर (रेरा या घरखरेदीच्या कायद्याखाली प्रोजेक्टला मिळणारा नोंदणी क्रमांक) म्हणजे सरकारी गॅरंटी. 1800 स्क्वेअर फूट म्हणजे ऐसपैस घर. पार्किंग वेगळं विकत घ्या, ती इन्व्हेस्टमेंट आहे. आणि वरच्या मजल्यावर हवा शुद्ध, डास नाहीत, आगीचीही भीती नाही कारण टॉवर मॉडर्न असतात. शेवटी साइट व्हिजिटसाठी नंबर, म्हणजे हे कोणी लिहिलंय ते कळलंच.

आधी ओसीचं बोलू, कारण बाकीच्या थापांनी खिसा कापला जाईल, या थापेने घर जाईल.

मालकाला कोणी काढू शकत नाही म्हणे. ताडदेवचं विलिंग्डन हाइट्स आठवतंय का? 34 मजली टॉवर, उच्चभ्रू वस्ती, लोक वर्षानुवर्षं राहतायत. 17 ते 34 या मजल्यांना ओसी नव्हती आणि फायर एनओसीचाही (अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्याचा) पत्ता नव्हता. जुलै 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की हे मजले रिकामे करा. रहिवासी सुप्रीम कोर्टात गेले, तिथेही दिलासा मिळाला नाही. हे लोक झोपडी टाकून बसलेले नव्हते हो, पैसे मोजून घर घेतलेले होते, आणि कोर्टासमोर प्रश्न तुम्ही किती कोटी दिलेत हा नव्हताच, प्रश्न एवढाच की या मजल्यांवर राहायची परवानगी आहे का, आणि ती नव्हती. काकांचा टॉवर बघा: खाली ओसी, वर नाही, काका वर. अजून काय सांगायचं?

त्याआधी वरळीचं कॅम्पा कोला होतंच. परवानगी पाच मजल्यांची, बांधले कितीतरी जास्त, लोक ऐंशीच्या दशकापासून तिथे राहत होते आणि 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने वरचे मजले बेकायदाच ठरवले.

आणि हे काही नवीन खूळ नाही. फ्लॅट विक्रीसाठी 1963 चा मोफा कायदा आहे, त्याच्या कलम 3 मध्येच आहे की कंप्लीशन सर्टिफिकेट (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळेपर्यंत बिल्डरने ताबा द्यायचा नाही, आणि घेणाऱ्यानेही घ्यायचा नाही. घेणाऱ्यानेही! म्हणजे उद्या "मला माहीत नव्हतं, बिल्डरने किल्ली दिली म्हणून राहायला गेलो" असं म्हणायची सोय नाही. फिट-आउट पझेशन या गोड नावाखाली किल्ली देतात ती फार तर सुताराला आत सोडायला, पण लोक फर्निचर झालं की गणपती बसवून राहायलाच जातात आणि मग ओसी नाही म्हणून पाण्याचं बिल दुप्पट दराने भरत बसतात.

रजिस्ट्रेशनबद्दल तर कमालच आहे. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात स्टॅम्प ड्युटी बघतात, ओळखपत्र बघतात, अंगठा घेतात, फोटो काढतात. इमारतीला ओसी मिळेल का, वरचे मजले मंजूर नकाशात आहेत का, हे तिथे कोणी तपासत नाही, ते त्यांचं कामच नाही. दस्त रजिस्टर होणं आणि इमारत कायदेशीर असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही.

बरं, एक गोष्ट मान्य करावी लागेल, हजारो इमारती ओसीशिवाय उभ्या आहेत हे खरं आहे. सरकारने 2025 मध्ये अशा जुन्या इमारतींना दिलासा द्यायची घोषणाही केली. पण ती सोय आधीच अडकलेल्यांसाठी, आज सात कोटी घालून मुद्दाम अडकणाऱ्यांसाठी नाही.

गंमत म्हणजे बिल्डर स्वतः ओसीला फॉर्मॅलिटी समजत नाही. काकांना दिलेल्या कॉस्ट शीटमध्ये 5 टक्के जीएसटी लावलाय, म्हणजे सात कोटींवर 35 लाख, का तर ओसी नाहीये म्हणून. ओसी मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटला जीएसटी लागत नाही. तर 35 लाखांची ही फॉर्मॅलिटी.

रेराचं अर्धसत्य आहे. कायदा चांगलाय, खरंच. प्रोजेक्टचे 70 टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, रजिस्टर ॲग्रीमेंट न करता 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, ताबा लांबला तर व्याज मागता येतं. पण नंबर म्हणजे प्रोजेक्टची नोंद झाली, बस. सरकार तुमच्या पैशाला जामीन राहिलेलं नाही. बिल्डरने पैसे परत केले नाहीत तर रिकव्हरी वॉरंट (वसुलीचा आदेश) कलेक्टरकडे जातं आणि तिथे रेंगाळतं, ज्यांचं रेंगाळलंय त्यांना विचारा. त्यापेक्षा जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, 2023 पासून तो सक्तीचा आहे, त्यात प्रोजेक्ट पूर्ण करायची तारीख कितीदा पुढे ढकललीय ते दिसतं. काकांनी स्कॅन केला नव्हता, फॉरवर्ड मात्र तीन ग्रुपवर टाकलं होतं.

1800 स्क्वेअर फूट? रेरा आल्यापासून विक्री कार्पेटवर करायची असते, आणि कार्पेट म्हणजे घराच्या आतलं क्षेत्रफळ, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि तुमची बाल्कनीसुद्धा सोडून. काकांच्या ॲग्रीमेंटच्या ड्राफ्टमध्ये बारीक अक्षरात आकडा आहे 1085. म्हणजे 39 हजारांचा वाटणारा दर 64 हजारांच्या वर गेला. लॉबी आणि लिफ्टचे स्क्वेअर फूट धरून घर ऐसपैस होत असेल तर आमची दादरची चाळसुद्धा ऐसपैसच होती, गॅलरी केवढी मोठी!

पार्किंगवर जास्त लिहीत नाही. ओपन किंवा स्टिल्ट (इमारतीखाली खांबांमधलं) पार्किंग वेगळं विकता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय. पोडियमवरचं (टॉवरखालच्या पार्किंगच्या मजल्यांवरचं) कव्हर्ड असेल तर जागा नेमकी कुठली आणि केवढी ते ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या.

हवेचं आणि डासांचं, चला, दिलं. वर वारा असतो आणि डास कमी असतात. पण त्याच वाक्यात आगीची भीती नाही असं लिहायला हिंमत लागते. ऑक्टोबर 2021 मध्ये करी रोडच्या 60 मजली टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्याला आग लागली आणि एक सुरक्षारक्षक खाली पडून गेला. मॉडर्नच टॉवर होता. मुंबई फायर ब्रिगेडची उंचातली उंच शिडी 90 मीटरपर्यंत जाते, पोडियम धरून एकतिसावा मजला त्याच्या वर जातो, म्हणजे तिथे इमारतीचे स्वतःचे पंप, स्प्रिंकलर आणि रेफ्युज फ्लोअर (आगीच्या वेळी आसरा घ्यायचा मजला) एवढाच आधार. ती यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. खालचे ओसीवाले मजले भरलेत ना, मग काकांनी सेल्सवाल्याकडे ओसीच्या आधी तोच मागावा. माझ्यासमोर मागितला तेव्हा सेल्सवाला म्हणाला, "सर, तो सोसायटीचा विषय आहे." आणि सोसायटी अजून स्थापनच झालेली नाही.