रखरखीत गावातून उत्तर

निसर्ग आणि विज्ञानाच्या पुस्तकांची मी दिलेली यादी आणि तिच्याखालची ‘एक वाचक’ यांची प्रतिक्रिया. दोनदा वाचली. रात्री एकदा, सकाळी चहा झाल्यावर एकदा. सकाळीही तितकीच खवचट वाटली.

चूक आधी कबूल करतो. कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरचं ‘सायलेंट स्प्रिंग’ 1962 सालचं, मी 1964 लिहिलं. ते त्याच्या लेखिका रेचेल कार्सन वारल्या ते साल. दुरुस्त केलंय.

आता तुमचं ते वाक्य : ‘सोलापूरसारख्या रखरखीत गावात बसून जंगलाची पुस्तकं सुचवणं म्हणजे विनोदच.’ अहो साहेब, मारुती चितमपल्ली जन्मले कुठे? सोलापुरात, 1932 साली. वनखात्यात उभी हयात घालवून 2025 च्या जूनमध्ये गेले, तेही याच गावात. त्यांचं ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र मी उगाच पहिल्या नंबरावर ठेवलेलं नाही.

आणि निसर्ग म्हणजे झाडीच, हे कुणी सांगितलं तुम्हाला? नववीत असताना वडील रात्रपाळी करून झोपले की त्यांची सायकल काढून मी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जायचो. वीसेक किलोमीटर, वर ऊन. दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेला कुसळी गवतात एक खुंट दिसला. बघत राहिलो, तर खुंट चालायला लागला. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. माळढोक! हा पक्षी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. त्याला तुमचा तो रखरखीत माळच लागतो. माळ ओसाड दिसतो म्हणून तिथं झाडं लावली, की त्याचं घर गेलं. हे मला पुस्तकानं नंतर सांगितलं, सायकलनं आधी. तुम्ही कुठल्या जंगलात बसून प्रतिक्रिया टाइप केलीत, तेवढं कळवा.

‘एक होता कार्व्हर’ हे चरित्र आहे, निसर्गाचं पुस्तक नाही, असंही म्हणता. कापसानं झिजलेल्या जमिनीला भुईमुगानं कस आणा, हे तो अमेरिकन शेतीशास्त्रज्ञ शेतकऱ्यांना सांगत फिरला. हा मातीचा विषय नाही तर कशाचा? शेंगाचटणीवर वाढलेल्या माणसाला भुईमूग तरी शिकवू नका.

हवामानबदलावर एकही पुस्तक नाही, यादी जुनी आहे, विज्ञान कमी नि आठवणी जास्त, वगैरे मुद्द्यांवर सवडीनं बघू. सगळंच एका यादीत मावत नाही.

तुम्ही करा की यादी. मी वाचेन. फक्त ती ‘एक वाचक’ म्हणून नको, स्वतःच्या नावानं करा.