हिशेब मिनिटांचा नको, चढायांचा करा

भाऊ, कॉलेज कबड्डीवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया मिळाली. मुलगा भंडाऱ्याहून नागपूरला प्रथम वर्षाला आला, आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या चमूत निवडला गेला आणि सगळे सामने बाकावर बसून परतला. ‘नव्या पोरांना निम्मा वेळ खेळवणं सक्तीचं करा, तुमचा लेख सीनियरांचीच तळी उचलतो’ असं तुम्ही लिहिता. राग रास्त आहे, पण निम्म्या वेळेची मागणी कबड्डीला लागू पडत नाही.

सामना 20-20 मिनिटांचा, चढाई 30 सेकंदांची, तीही आळीपाळीने. सगळ्या चढाया पूर्ण वेळ चालल्या तर एका संघाच्या वाट्याला 40 येतात. त्यातल्या बऱ्याचशा पहिले दोन चढाईपटूच घेतात. तिसऱ्याला अर्धा सामना आत ठेवलं तरी चार-पाच मिळाल्या तर खूप. त्यातही पहिल्याच चढाईत पकडला गेला, तर संघाने समोरचा गडी बाद करेपर्यंत तो बाहेरच. बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या गुणावर कुणी जिवंत होत नाही! प्रशिक्षकाने आत पाठवलेल्या पोराला खेळच बाहेर बसवतो, तो असा.

बचावात तर आणखी कठीण. कोपरारक्षक, म्हणजे बचावाच्या टोकाला उभा राहणारा गडी, आणि त्याच्या शेजारचा यांची साखळी महिनोन् महिने एकत्र सराव करून जमते. नवा पोरगा घाईने घोटा धरायला झेपावतो, शेजारी मागेच राहतो आणि चढाईपटू दोघांना शिवून निघतो. म्हणून नव्याला मुरलेल्या कोपऱ्याशेजारी उभं करायचं. दोन नवे शेजारी शेजारी कधीच नाही. मातीवर अनवाणी खेळून आलेल्यांचा मॅटवर वेगळाच घोळ होतो: बूट जागीच धरतो, वळताना गुडघ्याला पीळ बसतो. त्यात वरिष्ठ गटात 85 किलोपर्यंतचे गडी अंगावर येतात. बारावीतून आलेल्या साठ-पासष्ट किलोच्या पोराला त्यांच्या पकडीतून सुटायला आधी मांड्या आणि कंबर कमवावी लागते.

आता तुमचं बरोबर कुठे आहे ते. मध्यंतराला 15 गुणांची आघाडी असूनही राखीव खेळाडू हलले नसतील, तर ती प्रशिक्षकाचीच चूक. बदली टाइमआउटला किंवा मध्यंतरालाच होते, आणि टाइमआउट प्रत्येक डावात जेमतेम दोन, 30 सेकंदांचे. मध्यंतराची बदली मात्र फुकट पडते. तेव्हा दोघांना आत सोडावं. पाचही राखीव नको, कारण एक लोण बसला, म्हणजे सगळा संघ बाद झाला, की सात गड्यांच्या गुणांवर आणखी दोन जातात आणि बाद फेरीत तेवढ्यात सामना फिरतो.

प्रशिक्षकांना ‘कधी खेळवणार?’ विचारलं की ‘पाहू’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा पोराला वही ठेवायला सांगा. सरावात चढाया किती, गुण किती, आणि कुणाला न शिवता, ‘निदान रेषा’ही (चढाईत ओलांडावी लागते ती रेषा) न ओलांडता किती वेळा परतला. ही रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर, ती चुकली की हात न लावता बाद. नव्यांचे फुकटचे बळी इथेच जातात. पंधरा दिवसांचे आकडे घेऊन त्याने स्वतः सरांकडे जावं, तुम्ही नको. आणि तोवर रेशीमबागेकडच्या एखाद्या मंडळात संध्याकाळी खेळू द्या. तिथे त्याला एका आठवड्यात जेवढ्या चढाया मिळतील तेवढ्या कॉलेजच्या अख्ख्या स्पर्धेत मिळणार नाहीत.