‘यूट्यूबवर बघून मेकॅनिक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘थ्रॉटल बॉडी घरच्या घरी कशी साफ करावी’ या माझ्या लेखाखाली परवा रात्री एक प्रतिक्रिया आली. (थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनमध्ये जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, त्यातली फिरती झडप म्हणजे प्लेट. आयडल म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाचा इंजिनचा वेग, आणि स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र.) नाव नाही, नुसती ‘एक वाचक’ अशी सही. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो:

“यूट्यूबवर बघून मेकॅनिक झालेल्यांनी दुसऱ्यांना शहाणपण शिकवू नये. प्लेट बोटाने उघडा म्हणता, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या आत मोटर आणि प्लास्टिकचे गिअर असतात हे माहीत आहे का? साफ केल्यावर आयडल वर जाऊन बसतो आणि स्कॅनर लावल्याशिवाय खाली येत नाही, अशाही गाड्या आहेत. कार्ब क्लीनर मारायला सांगता. वर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पेटणारा स्प्रे! उद्या काही झालं तर जबाबदार कोण?”

एरवी मी दोन ओळींत आभार मानून मोकळा होतो. पण या प्रतिक्रियेखाली घाटकोपरच्या एका ताईंनी लिहिलंय, की त्यांनी स्प्रे आणून ठेवला होता, येत्या रविवारी करणार होत्या, आता हात लावायची हिंमत होत नाही. म्हणून हे सविस्तर.

‘एक वाचक’, आपण लिहिलेल्या पहिल्याच वाक्यापासून सुरुवात करतो. बाकीच्या मुद्द्यांवर बोलता येईल, पण ते वाक्य मला लागलं, आणि लागलं हे लपवत नाही.

माझे वडील बेस्टच्या दादर वर्कशॉपमध्ये होते. आमच्या घरात १९९२ सालची मारुती ८०० आली ती सेकंड हँड, तिसऱ्या मालकाकडून. गॅरेजला देण्याइतके पैसे नसायचे आणि देण्याची गरजही नव्हती. भांडुपला आमच्या चाळीसमोर रविवारी सकाळी वडील जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे आणि कार्ब्युरेटर (जुन्या गाड्यांत हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) उतरवून त्यावर मांडायचे. पहिल्यांदा माझ्या हातात जेट दिला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मापात सोडणारं, तांदळाच्या दोन दाण्यांएवढं पितळ. त्याचं भोक उजेडाकडे धरून बघायला लावलं. आरपार गोल दिसला पाहिजे, नाहीतर कचरा आहे. मी साफ करायला तार उचलली, तर हातावर चापट बसली. तार घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते. पेट्रोलमध्ये बुडवायचं, फुंकायचं, परत उजेडाकडे धरायचं. ही गोष्ट १९९७ च्या मे महिन्यातली. यूट्यूब सुरू झालं २००५ साली. आमच्याकडे तेव्हा फोनसुद्धा नव्हता, शेजारच्या काकांकडे निरोप यायचे.

तेव्हा मी कुठे काय बघून मेकॅनिक झालो, हे लिहिण्याआधी एकदा विचारायचं होतंत.

आणि समजा, शिकलो असतो व्हिडिओ बघून, तर त्यात हिणवण्यासारखं काय आहे? कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन बघा. जे पोरगं आज न बघता हाताच्या अंदाजाने नट शोधतं, त्याला कुणी फळ्यावर शिकवलेलं नाही. उस्तादाच्या बगलेतून मान घालून, पाने पुसत, शिव्या खात, बघून बघूनच शिकलंय ते. ज्याला असा उस्ताद मिळाला नाही, जो दिवसभर ऑफिसात बसतो आणि रात्री अकराला मोबाइलवर बॉनेटच्या आत काय असतं ते बघतो, त्याने काय पाप केलं? आपल्याकडे ही एक वृत्ती आहे. ज्याला थोडं येतं तो दार लावून घेतो आणि बाहेरच्याला म्हणतो, हे तुझं काम नाही. माझे वडील असे नव्हते. चाळीतला कुणीही येऊन शेजारी बसला तरी त्याच्या हातात पाना द्यायचे.

आता मी थ्रॉटल बॉडीचा तो लेख का लिहिला ते सांगतो, म्हणजे अनुभवाची बाजूही पुरी होईल. २०१६ च्या पावसाळ्यात माझी गाडी (२००८ ची, ॲक्सिलरेटरपासून प्लेटपर्यंत तार असलेली, मोटरवाली नव्हे) सिग्नलला बंद पडायला लागली. एलबीएस रोडवर एसी लावून गाडी हळू केली की इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा आठशेवरून पाचशेवर, मग चारशेवर, मग गप्प. एकदा सायनला पुलाच्या चढावर बंद पडली. मागे रिक्षा, टँकर, सगळ्यांचे हॉर्न आणि शेजारी आई बसलेली. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवली. थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल, अठरा हजार. साफ करून बघू या का, असं विचारलं तर टाय लावलेला मुलगा म्हणाला, “सर, साफ करून काही होत नाही.” गाडी परत आणली.

रविवारी सकाळी सातला कंपाउंडमध्ये एअर फिल्टरकडून येणाऱ्या होज पाइपचा क्लॅम्प सैल केला, पाइप बाजूला सारला. तार हाताने ओढून प्लेट उघडली. समोरून प्लेट बरी दिसत होती. मागच्या कडेला मात्र काळा, चिकट थर, तव्याच्या काठाला जळकं तेल धरतं तसा. इंजिनच्या पोटातली तेलकट वाफ परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, सोडलेली असते, ती इथे बसते आणि काजळी धरते. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना प्लेट जवळजवळ मिटलेली असते. कडेच्या केसाएवढ्या फटीतून आणि बाजूच्या आयडलच्या बारीक वाटेतूनच काय ती हवा जाते. फट काजळीने आणि वाट चिकट्याने बुजली, की वरून एसीचं ओझं आल्यावर इंजिन गुदमरतं. स्प्रे फडक्यावर मारला, जुन्या बनियनचं फडकं, आणि कडेने फिरवला. तिसऱ्या फेरीला खालून ॲल्युमिनियमचा राखाडी रंग दिसला. साडेतीनशे रुपयांचा डबा, त्यातला निम्मा उरला. चालू केल्यावर आयडल बाराशेवर होता, संध्याकाळपर्यंत फिरवून आणल्यावर आठशेवर बसला. त्यानंतर चार वेळा साफ केली, सिग्नलला एकदाही बंद पडलेली नाही.

हा अनुभव आहे. व्हिडिओ नाही.

कार्ब क्लीनरबद्दल, म्हणजे कार्ब्युरेटर साफ करायच्या स्प्रेबद्दल, आपण म्हणता ते बरोबर आहे, आणि माझी चूक झाली तिथे मी मान्य करतो. लहानपणापासून तोंडात बसलेला शब्द, तोच लिहिला गेला. काही थ्रॉटल बॉडींना आतून पातळ लेप दिलेला असतो. कडक द्रावणाने किंवा तारेच्या ब्रशने तो निघून जातो. काही कंपन्या तर साफ करू नका असं स्टिकरच लावतात. तेव्हा डब्यावर थ्रॉटल बॉडीसाठी असं स्पष्ट लिहिलेला स्प्रेच घ्यावा, आणि एअर फ्लो सेन्सरवर (आत येणारी हवा मोजणारा भाग) तो अजिबात उडू देऊ नये. लेखात हा बदल काल रात्रीच केला आहे.

बाकी मुद्दे. मोटरवाल्या थ्रॉटलची प्लेट दांडगाईने ढकलू नये, चावी चालू असताना तर मुळीच नाही, हे हाताला थोडी समज असलेल्या कुणालाही कळतं. प्रत्येक ओळीला इशारा जोडत बसलो तर लेख औषधाच्या कागदासारखा होईल. आयडल रीलर्नची, म्हणजे साफ केल्यावर आयडल परत जागेवर आणायची, पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असते, मॅन्युअल बघावं. ज्याच्या गाडीला स्कॅनर लागतो त्याने स्कॅनर असलेल्याकडे जावं, त्यात वाद काय? आणि पार्किंग म्हणजे मी उघडं कंपाउंड म्हणतो, पोडियमखालचं तळघर नव्हे. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, आसपास सिगरेट नाही, हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. तो वाचायचा राहिला असावा.

‘जबाबदार कोण’ या प्रश्नाला मात्र थोडं थांबतो. या ब्लॉगवर माझं नाव आहे, फोटो आहे, मी भांडुपला राहतो हे सगळ्यांना माहीत आहे. लेखात चूक निघाली तर लोक मलाच विचारतात, आणि मी उत्तर देतो. आत्ताही देतोय. तुम्ही रात्री पावणेबाराला नाव न लिहिता सहा वाक्यं टाकून गेलात, त्यातलं पहिलं माणसावर, मुद्दा दुसऱ्या वाक्यापासून. उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणतात. गिअरबद्दल तुम्हाला खरोखर माहिती असेल, आणि भाषेवरून ती आहे असं वाटतं, तर तीच माहिती ‘एक भर घालतो’ असं म्हणून लिहिली असती तर मी तुमच्या नावानिशी लेखात घेतली असती. माझ्याकडे असे बरेच वाचक आहेत. त्यांनी माझ्या चुका दाखवल्यात, मी सुधारल्यात, कुणाला वाईट वाटलेलं नाही.

प्रतिक्रिया काढून टाकणार नाही. राहू दे.

घाटकोपरच्या ताईंना एवढंच सांगतो. आधी बॉनेट उघडा, इंजिन बंद ठेवून. घरातल्या कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि एअर फिल्टरचा पाइप जिथे इंजिनला मिळतो तिथे बघा. बाजूची अर्धगोल चकती फिरत असेल आणि तिच्यावर तार ओढली जात असेल, तर तुमची गाडी माझ्यासारखी आहे. आणलेल्या डब्यावर थ्रॉटल बॉडीसाठी असं लिहिलेलं असेल आणि साफ करू नका असा स्टिकर नसेल, तर रविवारी खुशाल करा. तार दिसली नाही, नुसता वायरिंगचा सॉकेट दिसला, तर प्लेटला बोट लावू नका. गाडीचं मॉडेल आणि साल मला कळवा, आणि तुमच्या मेकॅनिककडे स्कॅनर आहे का ते विचारून ठेवा. स्प्रेचा डबा तोवर स्वयंपाकघरात ठेवू नका, गॅलरीत सावलीत ठेवा.