गेली का?

सोलापुरात लाईट घालवायला कधी कुणाला कष्ट पडलेले नाहीत. वळवाचं वारं सुटलं, गेली. समोरच्या लिंबानं जरा जोरात मान हलवली, गेली. अशा गावात मे महिन्यातल्या एका रविवारी मी तीन तास स्टुलावर उभा राहून लाईट जायची वाट बघत होतो, आणि ती काही केल्या जात नव्हती.

निमित्त बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचं.

आमचं घर जुळे सोलापुरात. पाणी चार-पाच दिवसांआड. त्यामुळे आमचं बाथरूम म्हणजे मुळात पाण्याचं गोदाम. निळं पिंप, त्याच्या मागे दुसरं निळं पिंप, दोन घागरी, एकात एक न बसणाऱ्या सहा बादल्या, आणि या सगळ्यांतून वाचलेल्या तीन फरश्यांवर माणसाची आंघोळ. बाहेर ४३ अंशांचं ऊन आणि ओला टॉवेल दहा मिनिटांत पापड. आत मात्र भिंती घामेजलेल्या. दार उघडलं की सोलापूर, लावलं की रत्नागिरी.

या रत्नागिरीनंच आमचा पंखा खाल्ला. गेलं वर्षभर तो बटण दाबल्यावर नुसता गुंऽऽ करायचा. पातं हलवायला बाबा फूटपट्टीनं एक टोला द्यायचे, मग सुरू. बाबा निवृत्त शिक्षक, विषय नागरिकशास्त्र. फूटपट्टीशिवाय कुणी कामाला लागत नाही यात त्यांना वावगं काही वाटत नव्हतं. पण न फिरणारी मोटर करंट जास्त ओढते आणि तापत जाते. एका संध्याकाळी बटण चालूच राहिलं आणि जळक्या वार्निशचा वास थेट देवघरापर्यंत आला. आईनं आधी निरांजन तपासलं.

नव्या पेठेतल्या दुकानदारानं विचारलं, "किती इंची?" मी जुन्या पंख्याच्या भोकाचं माप छातीठोकपणे सांगितलं, आठ. त्यानं माझ्याकडे बघितलं ते फार प्रेमळ नव्हतं. पंख्याचे इंच म्हणजे पात्यांच्या वर्तुळाचा व्यास, भिंतीतलं भोक त्याहून मोठं लागतं आणि त्याचं माप खोक्यावर वेगळं छापलेलं असतं, हे मला तिथं कळलं. आठाच्या भोकात सहा इंची बसला. दुकानदारानं "टेस्टर आहे का घरी?" असंही विचारलं. मी आहे म्हणालो. आमच्या टेस्टरनं गेली दहा वर्षं फक्त रंगाच्या डब्यांची झाकणं उघडलेली आहेत, हे सांगितलं नाही.

नेहमीच्या वायरमनला फोन केला तर मागून सनई ऐकू आली. "मालक, मांडवात हाय ओ. सात वाजेपर्यंत काय जमत न्हाई. तुमीच काढा की जुना. पण एक ध्यानात ठेवा, बटण बंद म्हणजे लाईट बंद न्हवं. टेस्टर आधी चालू प्लगला लावून बघा, पेटतोय का. मग वायरीला लावा. मग परत प्लगला. मधेच टेस्टर मेला तर वायर मेली असं वाटतं बघा, आन् मग..." पुढचं सनईत बुडालं. पण 'आन् मग' मला पुरेसं होतं. टेस्टर नवीन आणला.

बाथरूमचं बटण बंद केलं. स्टुलावर चढलो, जुन्या पंख्याच्या कनेक्टरचं झाकण काढलं, टेस्टर लावला. पेटला. बटण परत बघितलं, बंदच. परत लावला, परत पेटला. आत तीन वायरी होत्या आणि तिन्ही लाल. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, एवढं मला येतं. पण घर बांधताना ज्यानं वायरिंग केलं त्याच्याकडे त्या दिवशी लाल बंडल होतं.

आता बोर्डावरून लाईन घालवणं आलं. पूर्वी आमच्याकडे पांढरी चिनी मातीची किटकॅट, म्हणजे फ्यूज, होती. कुठली कशाची, ते काजळी बघून कळायचं. मग बाबांनी एमसीबी बसवून घेतले. सहा खटके, एकसारखे, गणवेशातल्या पोरांसारखे रांगेत, आणि एकावरही नाव नाही.

मी बाथरूममध्ये, बायको पॅसेजमध्ये, बाबा व्हरांड्यातल्या बोर्डापाशी, अशी साखळी लावली. बाबा एक नंबर पाडणार, बायको "गेली का?" विचारणार, मी टेस्टर लावून सांगणार.

"गेली का?"

"नाही!"

एक नंबरनं स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला. आत शेंगाची चटणी अर्धी वाटून अडकली. आईनं काहीच म्हटलं नाही, आणि ते मिक्सरच्या आवाजापेक्षा जास्त ऐकू आलं. दोन नंबरनं गिझर गेला, जो मे महिन्यात कुणाला हवा होता? तीन नंबरनं फ्रिज.

"गेली का?"

"नाही!"

"आमच्याकडं हाय बघा!" हे भिंतीपलीकडून शेजारचे काका.

चार नंबर पाडला. घरात काहीच बदललं नाही. "हा कशाचा हो बाबा?" बायकोनं विचारलं. "तो रिकामा आहे. त्याला काही जोडलेलं नाही," बाबा जरा घाईनंच म्हणाले आणि पाचवर गेले. पाच, सहा. टेस्टर माझ्याकडे बघून तांबडा हसत होता. शेवटी बाबांनी मेन स्विचच खाली ओढला.

"आता तरी गेली का?"

"नाही!!"

मेन बंद, सहाही खटके खाली, पंख्याचं बटण बंद, आणि वायर जिवंत. माझ्या डोळ्यांपुढे विजेचे नियम एकेक करून राजीनामे देत होते.

तेवढ्यात आई हॉलमधून शांतपणे म्हणाली, "लाईट गेलीय तर माझा पंखा कसा काय फिरतोय?"

इन्व्हर्टर! जिन्याखाली, जुन्या चादरींच्या गठ्ठ्यामागे बसलेला आमचा स्वामिनिष्ठ इन्व्हर्टर. घरातले पंखे, दिवे आणि कुणाच्या तरी कृपेनं बाथरूमसुद्धा त्याच्यावर. आम्ही खटका पाडला की त्याला वाटायचं गावची लाईट गेली, आणि तो डोळ्याचं पातं लवायच्या आत मदतीला धावून यायचा. तीन तास आम्ही त्याची परीक्षा घेत होतो आणि तो दर वेळी पास होत होता. बरं, नुसता त्याला बंद करूनही भागत नाही. मेन चालू असेल तर बंद इन्व्हर्टरमधूनही गावची लाईट सरळ पुढे जाते. दोन्ही बंद हवेत. दोन्ही बंद केले. टेस्टर वायरीला लावला, विझलेला. प्लगला लावून खात्री करावी, तर प्लगही आता मेलेला. वायरमनचा तिसरा नियम कसा पाळायचा? बायकोनं टेस्टर घेतला, शेजारच्या काकूंच्या व्हरांड्यातल्या प्लगला लावून आली आणि म्हणाली, "पेटतोय."

एवढ्या खात्रीनं तर आम्ही एकमेकांना पसंतही केलं नव्हतं.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. जुन्या पंख्याला कपॅसिटर होता. लाईट काढल्यावरही त्यात थोडी वीज शिल्लक असू शकते, म्हणून त्याच्या टोकांना बोट लावलं नाही. पंखे सगळे बंद, बाहेर ४३, हातात मोबाईलचा टॉर्च, आणि घाम इतका की पिंपातलं पाणी वाढलं असेल. नवा पंखा चार स्क्रूंवर बसवला आणि वायरी मात्र कनेक्टरात न घालता, टोकांना टेप गुंडाळून सोडल्या. तीन लाल वायरींतली कुठली काय हे ओळखण्याइतका शहाणा मी नाही, आणि नाही हे कळण्याइतका आहे.

सव्वासातला वायरमन आला, कानात मोगऱ्याचं फूल. पाच मिनिटांत म्हणाला, "बटण न्यूट्रलवर टाकलंय बघा ह्यांनी." म्हणजे बटण बंद केलं की पंखा थांबायचा, पण फेज त्याच्या पोटात तशीच बसून राहायची. ओल्या हातानं फूटपट्टी मारणाऱ्या बाबांचा चेहरा मी तेव्हा बघितला. पट्टी लाकडी होती, एवढंच. त्यानं फेज बटणावर घेतली, अर्थिंग तपासलं, आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईट तोडणारा खटका, बसवून घ्या, ३० मिलिअँपिअरचा, असं चहा पिता पिता दोनदा सांगितलं. पंखा लागला. जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरला, पण चिकटेना. दार उघडल्यावर चिकटला. पाणी पिऊन फुगलेलं दार खाली फटच ठेवत नव्हतं, आणि आत हवा आल्याशिवाय पंखा बाहेर काय टाकणार? दार अर्धा इंच तासायचं काम सुताराच्या नावे लिहिलं.

मग मी उत्साहानं एमसीबींवर चिठ्ठ्या चिकटवल्या. स्वयंपाकघर, गिझर, फ्रिज, हॉल, खोल्या. चार नंबरवर 'रिकामा' लिहिलं आणि तो खालीच ठेवला. बाबा बघत होते. काही म्हणाले नाहीत.

पहाटे चारला पाणी आलं. अख्ख्या कॉलनीत घूंऽऽ सुरू झालं. नळाला थेट मोटर लावायची परवानगी नसल्यामुळे आमच्या कॉलनीत मोटर कुणाकडेच नाही, आणि हा आवाज कशाचा ते कुणी कुणाला विचारत नाही. आमच्या अंगणात मात्र शांतता होती. बाहेर आलो तर बाबा बनियनवर नळापाशी उकिडवे बसलेले, समोर बादली, बादलीत करंगळीएवढी धार.

"तो चार नंबरचा..." ते हळूच म्हणाले.

"रिकामा आहे ना तो?"

"आहेच. तरी वर कर."

बोर्ड सापडेपर्यंत, चष्मा सापडेपर्यंत, खटका वर होईपर्यंत वेळ गेला. जमिनीत कुठंतरी मोटर जागी झाली. नळातून थोडं पाणी आलं, मग फसफस, मग नुसती हवा.

आईनं आतून विचारलं, "गेलं का?"

"गेलं," बाबा म्हणाले.

त्या आठवड्यात शेजारून आणलेल्या चार घागरींवर भागवलं. बाथरूम इतकं कोरडं राहिलं की पंखा लावायची वेळच आली नाही.