जे अध्यक्षांच्या सहीनं होतं, ते आधी तोला

१० सप्टेंबर २०२४ ला फिलाडेल्फियात अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस आणि रिपब्लिकन पक्षाचे डोनाल्ड ट्रम्प समोरासमोर आले. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रातल्या वाहिन्यांवर आणि इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच विचारणा सुरू होती: कोण जिंकलं? सीएनएनच्या झटपट पाहणीत ६३ टक्के प्रेक्षकांनी हॅरिस यांना कौल दिला, ३७ टक्क्यांनी ट्रम्प यांना. मत ठरवायला हा आकडा फारसा कामाचा नाही. २०१२ च्या पहिल्या डिबेटमध्ये मिट रॉम्नी यांनी ओबामांना पार निष्प्रभ केलं होतं, पण निवडून ओबामाच आले. २०१६ मध्ये तिन्ही वेळा पाहणीत हिलरी क्लिंटन पुढे होत्या आणि अध्यक्ष ट्रम्प झाले.

डिबेटमधून माणूस दबावाखाली कसा वागतो ते कळतं, आणि तेही महत्त्वाचं आहे. पण त्याच्या आश्वासनातलं काय प्रत्यक्षात येईल हे कळायला वेगळा प्रश्न विचारावा लागतो: हे व्हायला आणखी किती जणांचा होकार लागतो? काही गोष्टी अध्यक्ष एकट्याच्या सहीनं करू शकतात. कर आणि खर्चाच्या गोष्टींना अर्थसंकल्पाच्या खास वाटेनं सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) वरच्या सभागृहात, साधं बहुमत पुरतं, शिवाय खालचं प्रतिनिधिगृह हाताशी हवं. बाकी जवळपास प्रत्येक कायद्याला सिनेटच्या १०० पैकी ६० मतं लागतात, आणि तेवढी सध्या कुठल्याही पक्षाकडे नाहीत. दीड तासाचा तो कार्यक्रम या गाळणीतून गाळला, की चित्र बरंच बदलतं.

सर्वांत आधी आयातशुल्क. सगळ्या आयातीवर १० ते २० टक्के आणि चिनी मालावर ६० टक्के शुल्क लावण्याचं ट्रम्प तेव्हा सांगत होते. यातल्या बऱ्याच शुल्कासाठी त्यांना जवळजवळ कुणालाच विचारावं लागणार नव्हतं. १९६२ च्या व्यापार कायद्याचं २३२ वं कलम आणि १९७४ च्या कायद्याचं ३०१ वं कलम ही हत्यारं अध्यक्षांच्या हातात आधीपासून आहेत. २०१८ मध्ये पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क याच वाटेनं लागलं. म्हणून हे आश्वासन सर्वांत खरं धरायला हवं आणि सर्वांत कठोरपणे तपासायलाही हवं. हे पैसे दुसरे देश भरतील, असं ट्रम्प मंचावर म्हणाले. प्रत्यक्षात शुल्क भरतो तो इथला आयातदार, बंदरावर माल सोडवताना. चकलीच्या भाजणीचं पाकीट आयातीच्या कागदांवर २ डॉलरचं असेल आणि दुकानात ५ डॉलरला विकलं जात असेल, तर २० टक्के शुल्क म्हणजे ४० सेंट. ते ५ डॉलरवर नव्हे, २ डॉलरवर लागतं. मग ते ४० सेंट आयातदार, दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात वाटले जातात, आणि किराण्यासारख्या कमी नफ्याच्या धंद्यात त्यातले बहुतेक गिऱ्हाइकाच्या बिलात उतरतात. हॅरिस यांनी याला विक्रीकर म्हटलं ते मूळ मुद्द्याला धरून होतं. पण चिनी मालावरचं शुल्क बायडन सरकारनं, ज्यात हॅरिस उपाध्यक्ष होत्या, काढलं नाही, उलट २०२४ च्या मे महिन्यात चिनी विद्युत मोटारींवरचं १०० टक्क्यांवर नेण्याचं जाहीर केलं. ट्रम्प यांनी हे बोट दाखवलं तेव्हा हॅरिस यांच्याकडे धड उत्तर नव्हतं.

आता त्या रात्रीचा एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. सीमेवरच्या प्रश्नावर हॅरिस यांनी फेब्रुवारीतल्या दोन्ही पक्षांच्या विधेयकाचा उल्लेख केला आणि जाता जाता टोमणा मारला, की ट्रम्प यांच्या सभांतून लोक कंटाळून लवकर उठून जातात. सूत्रसंचालक डेव्हिड म्युर यांनी ट्रम्प यांना सरळ विचारलं, ते विधेयक तुम्ही का पाडलंत? ट्रम्प म्हणाले, आधी सभांबद्दल बोलतो. तिथून ते ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये स्थलांतरित लोक पाळीव कुत्री-मांजरं खातात या वावडीपर्यंत पोचले, आणि तसा विश्वासार्ह पुरावा नसल्याचं शहराच्या प्रशासकांनी कळवलंय, हे म्युर यांना तिथल्या तिथे सांगावं लागलं. टोमण्याला बळी पडणं हा स्वभावाचा भाग झाला. विधेयकाचं उत्तर मात्र आलंच नाही, आणि आपल्या लोकांचं नुकसान तिथे झालं.

कारण ते विधेयक नुसतं सीमेचं नव्हतं. त्यात पाच वर्षं दरवर्षी ५०,००० जादा ग्रीन कार्डं होती, पैकी १८,००० नोकरीच्या वर्गात. एच-१बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आलेल्यांची मुलं २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर फेकली जातात. त्यांना संरक्षण देण्याची तरतूदही त्यात होती. ग्रीन कार्डांवरची दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा तशीच राहणार होती, त्यामुळे भारतीयांची रांग काही संपली नसती. तरी पुण्या-नाशकाहून आलेल्या आणि मुलं कॉलेजला पोचलेल्या कितीतरी घरांना तो दिलासा ठरला असता. सिनेटमध्ये ६० मतं हवी होती, मिळाली ४९. मंचावर दोघांपैकी कुणीही या तरतुदींचं नाव काढलं नाही. जूनमध्ये एका पॉडकास्टवर ट्रम्प यांनी पदवीबरोबर ग्रीन कार्ड देण्याची भाषा केली होती, पण त्यालाही काँग्रेसचाच कायदा लागतो. उलट, २०२० च्या जूनमध्ये एच-१बीवर नव्यानं येणाऱ्यांना त्यांनी वर्षअखेरपर्यंत रोखलं, ते निव्वळ सहीनं. देण्याला ६० मतं आणि अडवण्याला एक सही, हा फरक ओळखूनच दोघांची स्थलांतराची भाषा ऐकावी.

हॅरिस यांच्या पारड्यातलं बरंचसं काँग्रेसवर अवलंबून होतं. नवजात बाळाच्या पहिल्या वर्षी ६,००० डॉलरची करसवलत, नव्या छोट्या धंद्याला ५०,००० डॉलरची वजावट, पहिलं घर घेणाऱ्याला २५,००० डॉलरची मदत: तिन्हींना दोन्ही सभागृहं लागतात. २०२४ मध्ये सिनेटच्या ३४ जागांपैकी २३ डेमोक्रॅटिक गटाला राखायच्या होत्या, म्हणजे चढण होती. मुलांच्या करसवलतीला मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, तेव्हा भारतात जन्मून एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आलेल्या मुलाला २०२४ मध्ये २,००० ऐवजी ५०० डॉलरच मिळत होते. ती अट बदलण्याबद्दल दोन्ही बाजू गप्प होत्या. शिवाय पहिलाच प्रश्न होता, चार वर्षांपूर्वीपेक्षा लोकांची परिस्थिती सुधारली का? त्याला हॅरिस यांनी बगल दिली. हो किंवा नाही म्हणण्याइतपत धीर त्यांनी दाखवायला हवा होता.

फ्रॅकिंगवर, म्हणजे खडक फोडून गॅस काढण्यावर, इतका वेळ गेला तो अध्यक्ष निवडताना पेनसिल्व्हेनियाला असलेल्या १९ प्रतिनिधी-मतांमुळे (इलेक्टोरल मतांमुळे). त्या राज्यातल्या बहुतेक गॅसविहिरी खासगी किंवा राज्याच्या जमिनीवर आहेत, आणि अध्यक्षांचा हुकूम चालतो तो फक्त संघीय जमिनीच्या भाडेपट्ट्यांवर. २०१९ मध्ये हॅरिस बंदीच्या बाजूनं होत्या, २०२४ मध्ये नव्हत्या. हा बदल विचारण्याजोगा आहे, पण त्यावर मत फिरवण्याजोगं फार काही नाही. आरोग्यविम्याबद्दल नऊ वर्षांनंतरही ट्रम्प यांच्याकडे योजनेच्या कल्पनाच होत्या, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. गर्भपातावरच्या देशव्यापी बंदीला नकाराधिकार वापराल का, यावर त्यांनी हो म्हटलं नाही. कुठलीही मर्यादा मान्य आहे का, यावर हॅरिस यांनीही सरळ बोलणं टाळलं.

हे सगळं जमेला धरून माझं पारडं हॅरिस यांच्याकडे झुकलं. एकट्याच्या सहीनं जे होऊ शकतं, त्याबद्दल ट्रम्प यांना त्या रात्री नेमके प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी ते टाळले. हॅरिस यांनीही टाळले, पण त्यांच्या मोठ्या योजनांना निदान काँग्रेसची चाळणी होती.

आपल्याकडे, भारतात, हा डिबेटचा खटाटोप नाहीच. २०२४ च्या मे महिन्यात निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि संपादक एन. राम यांनी नरेंद्र मोदी व राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल गांधी तयार झाले, चर्चा झाली नाही. आपल्याकडे पंतप्रधान थेट निवडला जात नाही हा युक्तिवाद मला पटत नाही. ब्रिटनमध्येही तो थेट निवडत नाहीत, तरी २०१० पासून तिथे पक्षनेत्यांच्या डिबेट होतात. महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीत मुख्यमंत्रिपदाच्या दावेदारांना दोन-दोन मिनिटं, बिनकागद आणि बिनघोषणांची मिळाली पाहिजेत. लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये राज्याच्याच तिजोरीतून जातात, म्हणून तिथे प्रश्न एवढाच, की कशाला कात्री लावणार? मराठा आरक्षणाचे १० टक्के फेब्रुवारी २०२४ मधल्या कायद्यानं आले, पण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५० टक्क्यांच्या मर्यादेवर बोट ठेवून आधीचा कायदा रद्द केला होता. तिथे मुख्यमंत्र्यांची सही पुरत नाही. दोन्ही आश्वासनं एकाच सुरात दिली जातात, आणि मंचावर समोर कुणी विचारणारं नसतं.

पेनसिल्व्हेनियात २०२४ मध्ये मतदार-नोंदणीची मुदत २१ ऑक्टोबर आणि टपाली मतपत्रिकेच्या अर्जाची २९ ऑक्टोबर होती. मतपत्रिका आधी आतल्या गोपनीय पाकिटात, मग ते बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेर सही व तारीख. आतलं पाकीट राहिलं तर मत बाद होतं. मतदानाच्या दिवशी रात्री ८ च्या आत ते कार्यालयात पोचलं पाहिजे, त्या तारखेचा शिक्का असून भागत नाही. ग्रीन कार्डवर असाल तर वाहनपरवान्याच्या खिडकीवर मतदार-नोंदणीचा रकाना चुकूनही भरू नका, नागरिकत्वाचा अर्ज तिथेच अडकतो. आणि अध्यक्षपदाच्या खालच्या ओळी रिकाम्या सोडू नका. २०२४ मध्ये सिनेटसाठी निवड होती पेनसिल्व्हेनियात बॉब केसी की डेव्ह मॅकॉर्मिक, न्यू जर्सीत अँडी किम की कर्टिस बाशॉ, मिशिगनमध्ये एलिसा स्लॉटकिन की माइक रॉजर्स. ती ५१ आणि ६० मतं या ओळींतूनच येतात.